खालचं आणि वरचं

सोनोग्राफी करणाऱ्या बाईंनी पडद्यावर बोट टेकवून दाखवलं होतं, हे एक खाली आहे आणि हे दुसरं वर, बरगड्यांपाशी. तेव्हापासून घरात त्यांची तीच नावं पडली. खालचं आणि वरचं. खालचं गुणी, दिवसभर पडून असायचं. वरचं मात्र आईनं जरा पाठ टेकली की लाथा झाडायला लागायचं.

आई म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलमधली शिक्षिका. त्या भागातले निम्मे लोक गाडी तिच्याच हाताखाली शिकलेले, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणायचे. तिच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. वर्षानुवर्षं त्यावर पाय ठेवून बसल्यामुळे ती रिक्षात बसली काय किंवा बसमध्ये, वळण आलं की तिचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा.

नवरा चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासायचा. फ्रेममध्ये काच बसवायची तर केसभर फरक चालत नाही, त्यामुळे प्रत्येक गोष्ट मापून करायची त्याला खोड. गाडी मात्र येत नव्हती. मास्तरणीनं शिकवायला साफ नकार दिला होता. "एक तर गाडी टिकेल नाहीतर संसार," ती म्हणायची, "आणि गाडी स्कूलची आहे."

जुळी आहेत म्हटल्यावर त्यानं सगळं घर मापलं. दोन पाळणे मावत नाहीत, तर एकच रुंद घ्यायचा ठरला. मग दोघांना शेजारी-शेजारी बसवायची बाबागाडी आली. घराच्या दाराचं माप त्यानं दोनदा घेतलं होतं, लिफ्टच्या दाराचं घ्यायचं राहून गेलं. शेवटी शेजारच्या दोघांनी ती जिन्यानं वर आणून दिली आणि तेव्हापासून ती हॉलच्या मध्यावर ठाण मांडून बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याचा गुडघा तिच्यावर आपटायचा आणि मास्तरीण आतून म्हणायची, "पार्किंग यांनी केलंय, मी नाही."

कुठेतरी जाऊन या, हे डोक्यात भरवलं ते त्याच्या थोरल्या बहिणीनं, ताईनं. स्वतःच्या मुलांच्या जुन्या कपड्यांची दोन गाठोडी घेऊन ती आली होती. झबली, टोपडी दाखवता दाखवता म्हणाली की आत्ताच काय ते दोन दिवस मोकळे काढून घ्या, नंतर बाथरूममध्येसुद्धा एकट्यानं जायला मिळायचं नाही. डॉक्टरांना विचारलं. सहावा महिना सरत आला होता, तब्येत चांगली होती. फार लांब जाऊ नका आणि वाटेत थांबत जा, एवढंच त्यांनी सांगितलं.

तळ्याकाठी एक लहानसं गेस्ट हाउस होतं. तिथे गेले. गाडी अर्थात तिनंच चालवली. पोट आणि स्टिअरिंग यांच्यात जेमतेम वीतभर जागा उरली होती. तो शेजारी बसून पाण्याची बाटली उघडून दे, उशी सरकव, असलं करत राहिला.

पहिला दिवस छान गेला. गेस्ट हाउसवाल्यानं व्हरांड्यात आरामखुर्ची टाकून दिली होती. तिथून तळं आणि पलीकडचा डोंगर दिसायचा. दुपारी ती काठावरच्या दगडावर बसून पाण्यात पाय सोडून होती आणि तो नावं सुचवत होता. तिला एकही पसंत पडत नव्हतं. एक नाव तिच्या लायसन्सला सतरांदा नापास झालेल्या विद्यार्थ्याचं होतं, दुसरं ऐकलं की तिला साबण आठवायचा. तिच्या पोटावर हात ठेवून बसलेला तो मध्येच म्हणाला, वरच्याला हे नाव आवडलेलं दिसतंय. ती म्हणाली, "आवडलेलं नाही, विरोध करतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या टेबलावरून उठून ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ आली नाही. त्यानं दार वाजवलं. तिनं आतून कडी काढली. ती कमोडवर बसली होती आणि तिचा चेहरा अगदी शांत होता, शिकाऊ माणूस समोरच्या ट्रकवर गाडी घालत असताना व्हायचा तसा.

"पाणी जातंय," ती म्हणाली. "थांबतच नाहीये."

अंगणात गाडी उभी होती, किल्ली त्याच्या खिशात होती. गाडी येत नाही याची त्याला तोवर कधी लाज वाटली नव्हती. त्या सकाळी तो गाडीच्या दाराला हात लावून क्षणभर नुसता उभा राहिला आणि मग गेस्ट हाउसवाल्याला हाका मारत पळाला. गेस्ट हाउसवाल्याची भाजी आणायची व्हॅन होती. तिच्यात मागे गाद्या टाकल्या, मास्तरणीला आडवं केलं. तळ्याच्या दुसऱ्या टोकाला गाव होतं, तिथे मोठं हॉस्पिटल होतं. रस्ता सगळा वळणांचा. तो तिच्या पायांशी बसला होता आणि प्रत्येक वळणाला तिचा उजवा पाय त्याच्या मांडीत रुतत होता.

हॉस्पिटलमधल्या मोठ्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. खालच्याची पाण्याची पिशवी फुटली होती आणि कळा सुरू झाल्या होत्या. त्यांनी बाळांच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं, कळा थांबवायचं औषध लावलं. मोठ्या शहरात हलवायचं का, असं त्यानं विचारलं, तर म्हणाल्या, आता वाटेतच होईल.

दोन दिवस कळा दबल्या. नंतर काही केल्या दबेनात. खालचं जन्मलं. मुलगी होती. कुठलाही आवाज झाला नाही. डॉक्टर, नर्स सगळे एका कोपऱ्यात तिच्याभोवती गोळा झाले, आणि तिला घेऊन लगोलग वरच्या मजल्यावर गेले. मास्तरणीला फक्त त्यांच्या पाठी दिसल्या.

ती दुसऱ्यासाठी तयार होऊन पडली होती. पण कळा हळूहळू विरत गेल्या आणि थांबल्या. डॉक्टरीणबाईंनी वाट पाहिली, तपासलं, पुन्हा तपासलं. मग नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं की क्वचित असं होतं. दोघांची वार वेगळी आहे, पिशवी वेगळी आहे. वरच्याची पिशवी शाबूत आहे. पहिलीची नाळ बांधून आत सोडली आहे. वरचं आत राहील तितकं राहू द्यायचं. एक आठवडा राहिलं तरी फायदा, चार राहिलं तर फारच.

"मग आम्ही काय करायचं?" त्यानं विचारलं.

"तुम्ही काहीच करायचं नाही. त्यांनी पडून राहायचं. उठायचं नाही, बसायचं नाही."

खालचं आता वरच्या मजल्यावर होतं आणि वरचं खाली. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते मास्तरणीच्याच. ती थोडं हसली, आणि लगेच पोटावर हात ठेवून हसायची थांबली.

पलंगाची पायाकडची बाजू उचलून ठेवली होती. डोकं खाली, पाय वर. तिला दिसायचं ते छत आणि खिडकीचा वरचा भाग. नवऱ्याचा दिवस जिन्यावर जायला लागला. हात कोपरापर्यंत धुवायचे, अंगावर हॉस्पिटलचा झगा चढवायचा, आणि काचेच्या पेटीपाशी जाऊन उभं राहायचं. मुलगी एवढीशी. मांडी त्याच्या अंगठ्याएवढी. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसायच्या. तोंडात नळी, नाकात नळी, छाती यंत्राच्या तालावर हलायची. पेटीच्या काचेला हात लावायलाही तो घाबरायचा. दिवसभर काचांवर हात चालवणारा माणूस.

खाली येऊन तो सगळं सांगायचा. फोनवर फोटो दाखवायचा. ती फोटो मोठा करकरून बघायची आणि म्हणायची, यावरून मापच कळत नाही. कान कसे आहेत विचारायची, नखं आलीत का विचारायची. एकदा तिनं विचारलं, आवाज कसा आहे. त्यानं सांगितलं, नळी आहे ना, आवाज येत नाही. ती म्हणाली, "म्हणजे तिच्या आईनं तिला पाहिलं नाही आणि तिचा आवाज कोणीच ऐकला नाही."

दूध येऊ लागलं होतं, तर ते काढायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. काढलं तर कळा येतील. झगा ओला व्हायचा आणि सिस्टर तो बदलून जायची. वर जिला हवं होतं तिच्यासाठी ते काढायचं नव्हतं, कारण आत दुसरं होतं. यावर कोणाशी भांडावं हेच त्यांना कळेना. भांडायला कोणी नव्हतंच. सगळे चांगलेच वागत होते.

ताई आली, गावातल्या लॉजवर खोली घेऊन राहिली. दोघांसाठी डबा घेऊन यायची. घरून फोन यायचे. काहींना अर्धवट कळलं होतं, ते अभिनंदन करायचे. ताई फोन घेऊन बाहेर जायची आणि हळू आवाजात बोलायची. चष्म्याच्या दुकानाचा मालक म्हणाला, हवे तितके दिवस घे. नवऱ्याला वाटलं, कोणीतरी एकदा रागावलं असतं तर बरं झालं असतं.

एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. तरुण होते, बोलताना हातातलं पेन उघडझाप करत होते. मुलीचं पोट फुगलं होतं. आतड्यांना संसर्ग झाला होता. औषधं चालू केली आहेत, ऑपरेशन झेपण्याएवढी ती मोठी नाही. बघूया, असं ते म्हणाले, आणि तो शब्द त्याला नंतर कित्येक दिवस ऐकू येत राहिला.

तो जिन्यात बसला. हे खाली सांगायचं की नाही? सांगितलं तर ती घाबरणार, घाबरली तर कळा येणार, आणि मग दुसरंही जाणार. नाही सांगितलं तर... तिथून पुढे त्याला विचार करता येईना. तो उठला, तोंड धुतलं आणि खाली गेला.

डबा आलाय का, जेवलीस का, असं त्यानं विचारलं. मग म्हणाला, झोपली होती, बरी आहे.

मास्तरीण छताकडे बघत होती. म्हणाली, "रोज तू आलास की आधी तिचं सांगतोस. आज आधी जेवणाचं विचारलंस."

 पलंगाच्या लोखंडी कठड्यावर त्यानं कपाळ टेकलं. मग त्यानं सगळं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं तेवढं आणि तसं.

ती रडली नाही. श्वास आवरून, ओठ मिटून पडून राहिली. हुंदका आला तर पोट आवळेल, एवढीच तिला भीती. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. रडू येत असलेल्या माणसाला न रडण्यासाठी एवढे कष्ट करताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तिचा पाय गादीवर दाबला जात होता, पुन्हा पुन्हा, आणि खाली ब्रेक नव्हता.

मग तिनं डॉक्टरीणबाईंना बोलवायला सांगितलं.

"मला वर जायचंय," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. हलवलं तर धोका आहे. आत आहे ते चांगलं वाढतंय. इतके दिवस तुम्ही एवढं सोसलंत ते त्याच्यासाठीच ना.

"मी गेले नाही, तर आतलं नक्की वाचेल, असं सांगता?"

डॉक्टरीणबाईंनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, "नाही. तसं मला सांगता येणार नाही."

"मग मला जाऊ द्या."

त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथूनच म्हणाल्या, "बसायचं नाही. आडवीच न्यायची. आणि मी बरोबर येणार."

स्ट्रेचर आलं. चादरीसकट उचलून तिला त्यावर घेतलं. लिफ्टमध्ये स्ट्रेचर तिरकं करून जेमतेम बसलं, म्हणून नवरा जिन्यानं धावत गेला आणि त्यांच्या आधी वर जाऊन पोचला. वरच्या सिस्टरनं दोन यंत्रं भिंतीकडे सरकवून जागा केली होती. तरी झोपलेल्या माणसाला पेटीचा तळच दिसत होता. सिस्टरनं खालचा खटका दाबून पेटी उतरवली, अगदी स्ट्रेचरच्या उंचीवर आणली. मास्तरणीनं मान वळवली.

कितीतरी वेळ ती नुसती बघत राहिली. मग सिस्टरनं पेटीची गोल खिडकी उघडली आणि तिचा हात आत घेतला. मुलीची बोटं तिच्या बोटाच्या टोकाला लागली. धरली असं म्हणता येणार नाही, पण लागून राहिली.

 शेवटी पहिल्याच दिवशी स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला ती सांगायची तेच तिच्या तोंडून आलं. "घाबरू नकोस. मी शेजारीच आहे."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही. त्या तिच्या पोटावर हात ठेवून उभ्या होत्या, आवळतंय का ते बघत.

त्या संध्याकाळी कळा सुरू झाल्या. औषध वाढवलं. रात्रभर नवरा खाली बसून होता आणि त्याचा सगळा जीव वर होता. वर गेला असता तर जीव खाली राहिला असता. सकाळी कळा थांबल्या. दुपारी वरून फोन आला, या.

दुसऱ्यांदा तिला नेणं शक्यच नव्हतं, हे तिलाही कळत होतं. ती त्याला म्हणाली, "तू जा. तिला एकटी सोडू नकोस."

तो गेला. त्यांनी नळ्या काढल्या आणि मुलीला त्याच्या हातात दिलं. पहिल्यांदाच त्यानं तिला काचेशिवाय पाहिलं. चेहरा मोकळा होता, हनुवटी मास्तरणीची होती. ती फार वेळ राहिली नाही.

नंतर सिस्टरनं तिला मऊ कापडात गुंडाळलं आणि त्याच्याबरोबर खाली आणलं. असं करायची परवानगी होती की नाही हे त्यांनी कधी विचारलं नाही. मास्तरणीच्या छातीवर तिला ठेवलं. मास्तरीण आडवीच होती, डोकं खाली, पाय वर, दोन्ही हात मुलीवर. आणि आतून वरचं लाथा मारायला लागलं. मुलीच्या अंगावरचं कापड त्या लाथांनी हलत होतं. नवऱ्यानं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. मास्तरणीला ते पाहायची गरज नव्हती.

मुलीचं शेवटचं सगळं करायला तो आणि ताई दोघंच गेले. परत आले तेव्हा मास्तरीण जागी होती. कसं झालं, असं तिनं विचारलं. ताई म्हणाली, चांगलं झालं, ऊन होतं. तिनं मान हलवली.

पुढचे आठवडे कसे गेले हे त्यांना नंतर नीट सांगता यायचं नाही. दिवस लांब होते आणि एकसारखे होते. नवरा सकाळी उठून हात कोपरापर्यंत धुवायचा आणि मग त्याच्या लक्षात यायचं की कुठे जायचं नाही. एकदा तर तो अर्धा जिना चढून गेला होता. वरून ती सिस्टर खाली येत होती. तिनं त्याला पाहिलं, दोन पायऱ्या उतरून त्याच्याशेजारी आली आणि त्याच्याबरोबर खालपर्यंत चालत आली. 

मास्तरणीला रडावंसं वाटायचं तेव्हा ती त्याला सांगायची, आणि तो तिच्या कपाळावर हात ठेवायचा. दोघं मिळून ते आवरायचे. खूप दिवसांनी एकदा ती म्हणाली, "हा बाहेर आला की मी रडणार आहे. कोणी थांबवायचं नाही."

"हा?" तो म्हणाला.

"किंवा ही. मला काय माहीत."

कधी तिला त्या आतल्याचा राग यायचा. याच्यामुळे मला तिला उचलून घेता आलं नाही, असं ती एकदा ताईला म्हणाली आणि स्वतःच दचकली. ताईनं कापत असलेलं फळ तसंच ठेवलं आणि तिचा हात हातात घेतला. "म्हणून टाक," ताई म्हणाली. "त्याला काही कळत नाही. आणि मी कोणाला सांगत नाही."

आठवा महिना संपत आला तेव्हा कळा पुन्हा सुरू झाल्या. या वेळी डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं नाही. आता येऊ दे, म्हणाल्या. दुपारी बाळ झालं. मुलगा. झाल्या झाल्या तो रडला. सगळी खोली त्याच्या आवाजानं भरली आणि मास्तरीण म्हटल्याप्रमाणे रडायला लागली. इतकी, की नुकत्याच कामाला लागलेल्या एका नर्सनं काही दुखतंय का म्हणून विचारलं. डॉक्टरीणबाईंनी तिला हातानंच थांबवलं. नवरा मुलाकडे जावं की बायकोकडे, या घोळात मध्येच उभा राहिला होता.

मुलाला श्वासासाठी एक दिवस वर ठेवलं, दुसऱ्या दिवशी खाली आणून तिच्याजवळ दिलं. ती आता उशीला टेकून बसली होती. इतक्या दिवसांनी बसल्यामुळे तिला गरगरत होतं. मुलगा तिच्या मांडीवर झोपला होता, हाताची मूठ तोंडाशी धरून. त्याच्या पायाला पट्टी बांधली होती. तीच नवी नर्स ती वाचत होती. जुळं, क्रमांक दोन.

"एक नंबर कुठंय?" तिनं विचारलं, हसून, इकडेतिकडे बघत. "बाबांकडे आहे का?"

नवरा पुढे झाला. इतके दिवस असले प्रश्न तोच घ्यायचा, तिच्यापर्यंत पोचू द्यायचा नाही. पण मास्तरणीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"पहिली मुलगी होती," ती म्हणाली. "ती गेली. मी तिला पाहिलंय."

नर्सचं हसू ओसरलं. माफ करा, मला माहीत नव्हतं, असं ती पुटपुटली. मास्तरीण म्हणाली, तुम्हाला कसं माहीत असणार. मुलगा हलला, तोंड वाकडं करून कुरकुरला. नर्स जवळ आली, वाकली आणि त्याला पाजायला कसं धरायचं ते दाखवू लागली. मान इथे, कोपर असं, घाई करू नका. मास्तरीण लक्ष देऊन ऐकत होती. नवरा उशी धरून उभा होता आणि ती नेमकी कुठे ठेवायची हे कोणीतरी सांगेल याची वाट बघत होता.